सोलापूरहून कॅम्परव्हॅन घेऊन महाबळेश्वर-सातारा : पहिल्यांदाच निघणाऱ्यांसाठी

आधी एक गोष्ट पक्की करा मग बाकीचं बघू. आपल्याकडची सवय काय, पहाटे निघायचं, मधे दोन चहा, आणि रात्रीपर्यंत तिरुपती नाहीतर गोवा गाठायचाच. कॅम्परव्हॅन घेऊन असं केलं तर भाडं व्हॅनचं भरलं आणि मजा टेम्पो ट्रॅव्हलरची मिळाली एवढंच होतं. झोपायला, स्वयंपाकाला, हातपाय पसरायला जागा मिळावी म्हणून आपण ती गाडी घेतलीय ना, मग ती उभी राहिली पाहिजे. माझा साधा हिशोब आहे, चार रात्रींची सुट्टी असेल तर मुक्कामाच्या जागा दोन, फार तर तीन, आणि घाट फक्त सकाळी चढायचा. खाली जे लिहिलंय ते सगळं ह्याच हिशोबानं.

गाडी कुठली घ्यायची

सोलापुरात तयार कॅम्परव्हॅन भाड्यानं मिळणं अवघडच, पुण्या-मुंबईकडं मिळतात. बहुतेक मोठ्या व्हॅन ट्रॅव्हलरच्या चासीवर बनवलेल्या असतात आणि बरेच जण ड्रायव्हर सोबतच देतात. पहिल्या वेळेला ड्रायव्हर मिळत असेल तर घ्या हो, त्यात कमीपणा काही नाही, फक्त त्याची झोपायची सोय कुठं, जेवण कुणाकडं, रात्रीचा भत्ता किती हे आधीच बोलून घ्या. नाहीतर चार माणसांच्या बेडमध्ये पाचवा कुठं झोपणार ह्यावरनं पहिल्याच रात्री सगळ्यांची तोंडं फुगतात.

स्वतः चालवायची असेल तर नंबरप्लेट बघा. सेल्फ ड्राइव्हला भाड्यानं द्यायच्या गाडीला काळी पाटी आणि पिवळी अक्षरं असतात. पांढऱ्या पाटीची कुणाची तरी घरची गाडी 'चालतंय की, घेऊन जावा' म्हणून देत असतील तर नको म्हणा, काही झालं तर इन्शुरन्सवाले हात वर करतात. लायसन्स साधं एलएमव्हीचं, म्हणजे हलक्या वाहनाचं, चालतं, गाडीचं एकूण वजन ७५०० किलोपर्यंत असेल तर, हे सुप्रीम कोर्टानं २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये स्पष्ट केलंय. आणि कुणी मनात मांडे खात असेल की घरची इको नाहीतर बोलेरो घेऊन गॅरेजमध्ये बेड-बिड ठोकून व्हॅन बनवू, तर थांबा. कंपनीनं जशी गाडी बनवली त्यात मूळ बदल करता येत नाही असं कोर्टानं २०१९ लाच सांगितलंय, आणि जे बदल चालतात त्यांनाही आरटीओची परवानगी आणि आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी पुस्तकात, नोंद लागते. मागच्या सीट फोल्ड करून वर गादी टाकली, सकाळी गुंडाळून ठेवली, ह्याला कोण काय म्हणणार. दोघांच्या ट्रिपला तेवढं पुष्कळ होतं खरं तर.

ताब्यात घेताना व्हिडिओ काढा, आतनं बाहेरनं, टायर, स्टेपनी, जॅक, सगळं. मालकासमोर पाण्याचा पंप, लाइट, गॅस, फ्रिज चालू करून बघा. फोनवर सांगतो म्हणतात ते ऐकू नका, घाटात रेंज नसते.

सोलापुरातच तालीम

ही पायरी कुणी करत नाही आणि सगळ्यात उपयोगाची हीच आहे. निघायच्या आधी एक रात्र जवळच काढा, गावाकडच्या शेतात, नाहीतर सरळ घरासमोर. व्हॅनमध्येच जेवण करा, व्हॅनमध्येच झोपा. काय राहिलं, काय जास्त झालं, रात्री उठल्यावर कुणाचं डोकं कपाटाला आपटतं, सगळं कळतं, आणि चुकलंच काही तर घर दहा पावलांवर.

दुसऱ्या दिवशी तुळजापूरला जाऊन या. पंचेचाळीस किलोमीटर, रस्ता रुंद, आणि शेवटाला बालाघाटाचा छोटासा घाट. देवीचं दर्शनही होतं आणि गाडी चढावर किती ओढते, उतारावर कशी धावते तेही कळतं. आपलं सगळं ड्रायव्हिंग सपाटीवरचं, होटगी रोड नाहीतर विजापूर रोड, चढ म्हणजे उड्डाणपूल. त्यामुळं उतारावर गिअरनं गाडी रोखायची सवय हाताला नसते, ती इथं लावून घ्या.

उंची टेपनं मोजा, वरचा एसी, सोलर पॅनल धरून, आणि मीटर आणि फूट दोन्हीत कागदावर लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवा. व्हॅन अडीच मीटरच्या वरच असते, वर एसी असला तर तीनला टेकते. रेल्वे पुलाखालचा रस्ता, पार्किंगचा लोखंडी बार, पेट्रोल पंपाचं जुनं छत, आणि खेड्यात आडव्या गेलेल्या वायरी, ह्या चार ठिकाणी छताचं काम होतं.

वीज, पाणी, गॅस

विजेचं गणित सोपं आहे. शंभर अँपिअर-तासाची बारा व्होल्टची बॅटरी म्हणजे बाराशे वॉट-तास. साधी ट्युब्युलर बॅटरी असेल तर त्यातली निम्मीच वापरायची, म्हणजे सहाशे. लिथियमची असेल तर हजारापर्यंत जाता येतं. आता बारा व्होल्टवरचा छोटा कॉम्प्रेसर फ्रिज दिवसाला चार-पाचशे खातो, त्यात लाइट, पंखा, चार मोबाईल, झालं की बॅटरी रिकामी. त्यावर कुणी इंडक्शन लावायचं किंवा रात्रभर एसी चालवायचा म्हणत असेल तर ते बाहेरनं वीज घेतल्याशिवाय होत नाही. एसी फक्त जिथं प्लग मिळतो तिथं. आणि वर डोंगरात एसी कशाला पाहिजे तुम्हाला, सोलापूरपेक्षा महाबळेश्वर जवळपास नऊशे मीटर उंच आहे, नुसत्या उंचीनंच पाच-सहा डिग्री कमी होतात.

पाण्याचं आपल्याला कुणी शिकवायला नको, नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावातली माणसं आपण, तांब्याभर पाण्यात तोंड धुणारी. फक्त एवढं लक्षात ठेवा की लिटरला किलो वजन, शंभर लिटरची टाकी म्हणजे दीड माणूस जास्तीचा. घाट चढताना टाकी अर्धी ठेवू नका, पाणी वळणावर इकडून तिकडं आदळतं आणि गाडी डुलते. एकतर फुल्ल, नाहीतर जवळपास रिकामी करून वर जाऊन भरायची. मी दुसरंच सांगेन, वाईत चढायच्या आधी पिण्यापुरतं ठेवायचं आणि पाचगणीत मुक्कामाच्या जागेवर भरून घ्यायचं.

गॅस पाच किलोची छोटी टाकी पुरते. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर वर जात नाही, खाली जमिनीलगत साचतो, म्हणून टाकीच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारं भोक असलं पाहिजे, ते बघा आणि त्यावर चपला-पिशव्या ठेवू नका. गाडी हलायच्या आधी रेग्युलेटर बंद. आणि थंडी वाजते म्हणून कोळशाची शेगडी आत घेऊन दारं लावून झोपणं हा प्रकार अजिबात करायचा नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. झोपताना एक खिडकी बोटभर उघडी पाहिजेच, नाहीतर सकाळी श्वासाच्या वाफेनं काचांवरनं पाणी गळतं आणि गाद्या ओल्या.

टॉयलेटची कॅसेट, म्हणजे खालचा काढता येणारा मैल्याचा डबा, असेल तर ती फक्त संडासातच ओतायची, विचारून. ओढ्यात, दरीत नाही. भांड्याचं पाणीसुद्धा डब्यात साठवा. कृष्णा, कोयना, वेण्णा त्या डोंगरातच उगम पावतात, आणि महाबळेश्वर-पाचगणीचा पट्टा २००१ पासून पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्र आहे.

काय खायचं न्यायचं

इथं सोलापूरकर जिंकतो. कडक भाकरी आणि शेंगाचटणी म्हणजे व्हॅनसाठीच बनवल्यासारखं जेवण, फ्रिज नको, गॅस नको, चार-पाच दिवस काही होत नाही. फक्त वर दमट हवा असते, पावसाळ्यात तर विचारूच नका, भाकरी दोन तासात मऊ पडते, म्हणून घट्ट झाकणाचा स्टीलचा डबाच पाहिजे, कागदाचं पाकीट नको. दही, कांदा, थोडं तेल, एक वेळचं जेवण झालं. पहिल्या दिवशी कडक भाकरी, दुसऱ्या दिवशी कुकरमध्ये खिचडी, बाकी वाटेत मिळतंच. वर पाणी पंच्याण्णव डिग्रीच्या आसपासच उकळतं त्यामुळं उघड्या पातेल्यात डाळ शिजायला वेळ लागतो, कुकर न्या. थंडीसाठी आपली चादर आहेच, डिसेंबर-जानेवारीत मात्र एका चादरीत भागत नाही, वेण्णा तलावाच्या बाजूला पहाटे गवतावरचं दव गोठतं कधीकधी.

रस्ता

महाबळेश्वर आपल्यापासून अडीचशेच्या वर, पावणेतीनशेच्या आत, कुठनं जाता त्यावर. दोन वाटा सांगतो.

एक, मोहोळ, पंढरपूर, माळशिरस, नातेपुते, फलटण, लोणंद, वाई. पालखी मार्ग मोठा झालाय, फलटणपर्यंत व्हॅनला सगळ्यात आरामाचा हाच. दोन, पंढरपूरहून म्हसवड, गोंदवले, दहिवडी, पुसेगाव, कोरेगाव करत सातारा. हा माणदेशातला रस्ता, रखरखीत, पण मला आवडतो, गोंदवल्याला प्रसाद मिळतो आणि पुसेगाव सोडलं की वर्धनगडाचा घाट लागतो, तिथनं पुढं हिरवळ दिसायला लागते, म्हणजे डोंगर सुरू झाल्याचं तिथंच कळतं. जाताना पहिला, येताना दुसरा असं करा.

दोन गोष्टींचं कॅलेंडर बघून निघा. आषाढीच्या आधीचे पंधरा-वीस दिवस पालखी मार्गावर व्हॅन घालू नका, रस्ते वळवलेले असतात, आणि वारकऱ्यांच्या गर्दीत हॉर्न वाजवत जाणं बरं दिसतं का. दुसरं, ऊसाचा हंगाम, साधारण नोव्हेंबर ते मार्च. माळशिरस-फलटण पट्ट्यात रात्री ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागं ना लाइट ना रिफ्लेक्टर, अंधारात एकदम समोर भिंतच उभी राहते. म्हणून अंधार पडायच्या आत वाई. सोलापूरहून सकाळी सहाला निघालात तर पंढरपूरला नाष्टा, फलटणला जेवण, आणि तीन-चार वाजता वाईत. पहिली रात्र वाईतच काढा. घाट दिसतोय समोर, दीड तासात वर जाऊ, असं वाटणारच, तरी नको. दिवसभर चालवून थकलेल्या माणसानं अनोळखी गाडी संध्याकाळच्या उतरत्या ट्रॅफिकमध्ये वरच्या पसरणी घाटात घालायची नाही. कृष्णेचा घाट, ढोल्या गणपती बघा, वेळ असेल तर मेणवली.

घाट

आता मुख्य गोष्ट. पसरणी घाट म्हणजे वाई ते पाचगणी, बारा-तेरा किलोमीटर. सकाळी आठच्या आत सुरू करा. सातारा-मेढा-केळघर मार्गेपण महाबळेश्वरला जाता येतं पण तो घाट अरुंद आणि खडा आहे, पहिल्यांदा व्हॅन घेऊन नको. आंबेनळी तर नकोच, महाबळेश्वरातनं पोलादपूरकडं उतरतो तो. जुलै २०२१ च्या पावसात त्याचा रस्ताच वाहून गेला होता.

चढताना एसी बंद, दुसरा गिअर, आरपीएम पडू द्यायचा नाही. टेंपरेचरचा काटा वर सरकायला लागला तर रुंद जागा बघून थांबा, इंजिन थोडा वेळ चालूच राहू द्या, आणि रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही, उकळतं पाणी तोंडावर येतं. मागं गाड्यांची रांग लागली की लाज वाटून घाई करू नका, जागा मिळाली की डावीकडं घ्या, सगळ्यांना जाऊ द्या. वळणाच्या आधी हॉर्न. तीव्र वळणावर व्हॅनचं मागचं चाक आतल्या बाजूनं कापत जातं, म्हणून वळण थोडं उशिरा आणि रुंद घ्यायचं, आणि मागच्या चाकाच्याही मागं जो भाग असतो तो उलट बाजूला बाहेर फेकला जातो, कठड्याला नाहीतर शेजारच्या बाइकला लागतो. आरशात बघत राहा.

उतरताना फक्त एक नियम, ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेकवर पाय ठेवून उतरत राहिलं तर ब्रेक तापतात, तापले की पकड जाते, पॅडल खाली बसतं आणि तेव्हा काहीच हातात नसतं. थोडं दाबा, वेग कमी करा, सोडा, बाकी इंजिनला रोखू द्या. जळका वास आला, पॅडल मऊ लागलं, तर रुंद जागी थांबा, गिअरमध्ये टाका, चाकाला दगड नाहीतर लाकडी ठोकळा लावा, अर्धा तास चहा प्या. चाकावर पाणी मारू नका. आणि डिझेल वाचतंय म्हणून न्यूट्रल करून उतरणारे हुशार लोक भेटतील, त्यातले काही तर इंजिनपण बंद करतात, मग स्टिअरिंग जड आणि ब्रेकचा जोरही संपला. त्यांना लांबनंच नमस्कार.

अरुंद जागी समोरासमोर आलात तर चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, हा नुसता शिष्टाचार नाही, २०१७ च्या ड्रायव्हिंग नियमांत लिहिलेलं आहे. धुकं असेल तर लो बीम, इंडिकेटर दोन्ही बाजूचे लावून चालवत राहू नका, मागच्याला वळताय का थांबलाय कळत नाही. धुकं फारच असलं तर निघूच नका, घर बरोबरच आहे तुमच्या.

वर गेल्यावर

मुक्काम पाचगणी-महाबळेश्वरच्या मधल्या पट्ट्यात करा, दोन रात्री. भिलार तिथंच आहे, पुस्तकांचं गाव, आणि आजूबाजूला स्ट्रॉबेरीची शेतं, कृषी पर्यटनवाले. त्यांना आदल्या दिवशी फोन करा, व्हॅनची लांबी-उंची सांगा, वाट कच्ची आहे का, वीज देणार का, बाथरूम वापरायला मिळेल का विचारा, आणि पैसे ठरवून जावा. एमटीडीसीच्या रिसॉर्टलाही विचारता येतं, राज्याचं कॅरॅव्हॅन धोरण २०२१ मध्येच आलंय, पण म्हणून प्रत्येक ठिकाणी प्लग तयार असेल असं धरू नका. कुठंच नाही जमलं तर घरगुती लॉजच्या अंगणात विचारा, एक खोली घेतली की व्हॅन लावू देतात, आणि खरं सांगू का, घरात कुणी म्हातारं माणूस सोबत असेल तर एक खोली असलेली बरीच.

जंगलात, पॉइंटवर, पठारावर रात्री थांबू नका. जंगल वनखात्याचं आहे, गवे रात्री रस्त्यावर येतात, बिबटे आहेत. गाडी लावताना जमीन सपाट बघा, पाण्याची बाटली आडवी ठेवून बघितली की कळतं, एका बाजूला उतार असेल तर चाकाखाली फळ्या घाला. तोंड बाहेर निघायच्या दिशेला. पावसात मातीवर लावूच नका, लाल मातीत चाक रुततं आणि मग ट्रॅक्टर शोधत फिरा.

व्हॅन लावली की लावली, पॉइंट बघायला लोकल टॅक्सी करा. बाजारात ही गाडी न्यायची काही गरज नाही, शनिवार-रविवारी तिथं बाइक लावायला जागा मिळत नाही. आणि माकडं. खिडकीची जाळी नुसती ओढलेली असेल तर ती उघडून आत येतात, शेंगाचटणीचा डबा जातो.

चौथी रात्र साताऱ्याच्या बाजूला. मात्र परत पसरणीनंच उतरा, वाई, मग हायवे पकडून सातारा. तिथनं कास पंचवीस किलोमीटर, ठोसेघर वीसेक, सज्जनगड वाटेवरच. कासला फुलांचा हंगाम साधारण ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, पठार २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे, तेव्हा ऑनलाइन बुकिंग आधी करा, शनिवार-रविवार टाळा, आणि व्हॅन साताऱ्यात ठेवून छोट्या गाडीनं जावा, यवतेश्वर घाटात हंगामात लांब गाड्या अडकून पडतात.

कधी जायचं म्हणाल तर पहिल्यांदा ऑक्टोबर मध्य ते फेब्रुवारी. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं बेचाळीस असताना वर जावंसं वाटतं खरं, पण पंढरपूर-फलटणपर्यंत व्हॅनची भट्टी होते आणि वर सगळा महाराष्ट्र आलेला असतो. जुलै-ऑगस्ट दिसायला सगळ्यात सुंदर, पण दरडी, धुकं, आणि ओले कपडे वाळवायला जागा नाही, ते दुसऱ्या वेळेला.

येताना आणि परत देताना

सातारा ते सोलापूर पुसेगावमार्गे एका दिवसात होतं. जाऊन-येऊन सगळं मिळून सहाशे-साडेसहाशे किलोमीटर होतात, दहाचं ॲव्हरेज धरलं तर साठ-पासष्ट लिटर डिझेल, पण पुण्याहून गाडी आणायची-पोचवायची असेल तर ते अडीचशे-अडीचशे वेगळे, किलोमीटरची लिमिट ठरवताना हे धरा, लोक विसरतात. फास्टॅगमध्ये बॅलन्स मालक टाकणार की तुम्ही तेही. नकाशा ऑफलाइन डाउनलोड करून ठेवा, राष्ट्रीय महामार्गावर बंद पडलात तर १०३३, बाकी कुठंही ११२.

देण्याच्या आधी टाक्या रिकाम्या, कॅसेट धुतलेली, फ्रिज पुसून दार उघडं ठेवलेलं, गॅस बंद. परत व्हिडिओ काढा, किलोमीटरच्या काट्यासकट, आणि डिपॉझिट किती दिवसांत येणार ते मालकाकडनं व्हॉट्सॲपवर लिहून घ्या, तोंडी नको.